पलीकडचा मिक्सर

मिरची कांडपाचं मशीन गोरखच्या टेम्पोतून उतरवायला आळीतली चार माणसं लागली. पडवीत जागा करून ते ठेवलं, आरतीनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पदर खोचत लगेच विचारलं, "आता हे चालू कवा व्हायचं?"

"वायरमन बघून सांगंल," गोरख म्हणाला.

मशीन घ्यायचं आरतीच्या मनात दोन वर्षांपासून होतं. ओतूरच्या ह्या बाजूच्या बायका उन्हाळ्यात मिरच्यांची पोती घेऊन बाजारपेठेच्या पलीकडच्या गिरणीवर जायच्या आणि दुपारभर उन्हात नंबर लावून बसायच्या. आरतीही बसायची. तिथं बसून बसूनच तिला वाटायला लागलं, हे आपल्या पडवीत का होऊ नये? गोरखचा टेम्पोचा धंदा होता, कांद्या-बटाट्याच्या गोण्या मंचरला नेऊन टाकायचा. तो घरात फारसा नसायचाच. आरतीला घरी बसून काहीतरी स्वतःचं करायचं होतं.

वायरमन हौशीराम दुसऱ्या दिवशी आला. पन्नाशीचा, उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. कुणाच्याही घरात शिरला की तो आधी छताकडं बघायचा, माणसांकडं नंतर. त्यानं दाराजवळचा लाकडी बोर्ड बघितला, फ्यूज उपसून हातात घेतला आणि गोरखकडं वळला.

"ही जाड तार कुणी घातली यात?"

"मीच. सारखा फ्यूज उडायचा, राव."

"आता फ्यूज उडणार न्हाई. घर उडंल."

मग तो खोल्याखोल्यांतून फिरला. स्वयंपाकघरातल्या प्लगला तिसरं भोक होतं, पण त्यामागं वायरच नव्हती. अर्थिंग कुठंच नव्हतं. पत्र्याखालून गेलेल्या वायरीला जागोजागी चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. एका ठिकाणी तर चिकटपट्टी नव्हती म्हणून कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली होती. हौशीराम ते सगळं बघून पडवीत येऊन बसला.

"हे बघा. मशीन दोन हॉर्सपॉवरचं. मीटरचा लोड वाढवून घ्यायला लागंल. त्याला टेस्ट रिपोर्ट लागतो आन् त्याच्यावर माझी सही अस्ती. ह्या वायरिंगवर मी सही करणार न्हाई."

"आवो, आपल्याला फक्त बोर्ड बदलायचाय," गोरख म्हणाला.

"नुसता बोर्ड बदलून भागत न्हाई. जुन्या चुका तशाच ठेवून त्याच्यावर नवा बोर्ड बसवला, तर त्या चुका झाकल्या जात्यात, मिटत न्हाईत. आन् उद्या मशीन चालू झालं की तिथूनच जाळ निघंल."

गोरख काही बोलणार होता, तेवढ्यात आरती म्हणाली, "करा, भाऊ. जे करायचं ते करा."

काम सुरू झालं. अंगणात खड्डा खणून हौशीरामनं त्यात तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ भरलं आणि आरतीला बजावलं, "उन्हाळ्यात इथं अधूनमधून पाणी वतत जा." पत्र्याखालच्या वायरी काढून पाइपातून नव्या ओढल्या. लाकडी बोर्डाच्या जागी लोखंडी पेटी बसली. तिच्यात छोटे छोटे खटके आणि शेवटी एक मोठा खटका, त्याला तो ईएलसीबी म्हणायचा.

"एका वायरीनं करंट येतो, दुसरीनं परत जातो," त्यानं आरतीला समजावलं. "परत जाणारीला न्यूट्रल म्हणायचं. जेवढा आला तेवढाच परत गेला पायजे. कुठं गळाला की हा मोठा खटका पडतो. म्हंजे माणसाला शॉक बसायच्या आत लाईट बंद."

नवा बोर्ड त्या संध्याकाळी छान चालला. दिवे लागले, पंखा फिरला, टीव्ही लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरती भाकरी थापत होती आणि खट्‌ आवाज झाला. सगळं घर बंद. तिनं खटका वर केला, लाईट आली. दुपारी पुन्हा तेच.

हौशीराम आला, सगळं उघडून तपासलं. टीव्ही, पंखा, प्लग, काही सापडलं नाही. मागच्या खोलीतली एक जुनी वायर तेवढी भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून गेलेली होती, ती नीट दिसत होती म्हणून त्यानं तशीच ठेवली होती. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्‌.

"सामान दिलेला दुकानदार म्हणतो, तो खटकाच काढून टाका," गोरख वैतागून म्हणाला. "साधा मेन स्विच बसवा. आजपत्तोर कुठं काय झालंय?"

"थांबा जरा," आरती म्हणाली.

तिच्या काहीतरी लक्षात यायला लागलं होतं, पण खात्री नव्हती. पुढच्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या लवकर आटोपून बोर्डाखाली जाऊन उभी राहिली. घर शांत होतं. थोड्या वेळानं मागच्या भिंतीच्या पलीकडून घर्र आवाज सुरू झाला. पलीकडच्या घरातला मिक्सर. त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर खटका पडला.

भिंतीपलीकडं गोरखचा थोरला भाऊ सावळाराम राहत होता.

त्यांच्या वडलांनी बांधलेलं ते एकच लांब घर होतं. वाटणी झाली तेव्हा मधोमध विटांची भिंत घातली, दुसरा मीटर घेतला, दारं दोन झाली. वाटणी तशी गोडीगुलाबीनं चालली होती. बिनसलं ते विहिरीच्या मोटारीवरून. सावळारामच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी गोरखनं मोटार चालवली आणि ती जळाली. सावळाराम रागीट माणूस. चार लोकांसमोर म्हणाला, "उद्या कुणी विचारलं तर सांगू नको मी तुझा भाऊ हाये म्हणून." गोरखनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून दोघं एका आळीत राहून एकमेकांशी बोललेले नव्हते. बायकांनीही मग बोलणं कमी केलं. नळावर भेट झाली तर "पाणी आलं का?" एवढंच.

आरतीनं हौशीरामला मिक्सरचं सांगितलं तेव्हा तो थेट मागच्या खोलीत गेला. स्टुलावर चढून त्यानं भिंतीजवळची जुनी पट्टी काढली. वायर सरळ भिंतीत शिरली होती. जिथं शिरली होती तिथला चुना काळा पडला होता.

"आणा हिकडं बॅटरी," तो म्हणाला. बराच वेळ बघून खाली उतरला. "भिंत घालताना वायरमननं पुढचं तेवढं तोडून दोन केलेलं दिसतंय. मागच्या खोल्यांची न्यूट्रल दोन्ही घरांची एकच राहिली. तुमच्या घरातला करंट थोडा त्यांच्याकडून परत जातो, त्यांचा तुमच्याकडून. मोठा लोड लागला की खटक्याला हिशेब लागत न्हाई. आन् भिंतीत जो जॉइंट हाये तो सैल झालाय. म्हणून काळं पडलंय. हे आज सापडलं ते बरं झालं. कांडप चालू झाल्यावर सापडलं असतं तर आग लागूनच सापडलं असतं."

भिंत घातली तेव्हा काय झालं होतं ते गोरखला आठवलं. वायरमन भिंतीशी काम करत होता आणि अंगणात मोटारीवरून दोघा भावांची बोलाचाली चालली होती. वायरमन पिशवी उचलून निघून गेला तो परत आलाच नाही.

"मग कापून टाका ती वायर," गोरख म्हणाला.

"कापतो की. मग त्यांच्या मागच्या दोन खोल्या अंधारात. आन् नुसतं अंधारात न्हाई. त्यांच्या लाईटीचं बटण चालू राहिलं तर त्या तुटक्या टोकातबी करंट असतो. ते टोक राहणार भिंतीत. कुणाचा हात लागला तर?" हौशीराम भिंतीकडं बोट करून म्हणाला, "दोन्ही बाजूंनी भिंत फोडून जॉइंट काढायला लागंल. दोन्ही घरांचे मेन बंद ठेवून. दुसरा रस्ता न्हाई."

"त्यांच्या घरात कोण जाणार?"

"मागच्या खोलीत दादांची समृद्धी अभ्यासाला बसते," आरती म्हणाली. "तिची दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. लाईट कापायची म्हणताय तुमी?"

गोरखनं टेम्पोची किल्ली घेतली आणि मंचरला निघून गेला.

त्या दिवशी दुपारी आरती मागच्या दारानं जावेकडं गेली. इतक्या वर्षांत त्या दाराशी ती पहिल्यांदा उभी होती. साळुबाई चटणी वाटत होती. मिक्सर ओट्यावर आणि साळुबाई लाकडी पाटावर उभी. आरतीला बघून ती थबकली.

"ताई, पाटावर का उभ्या?"

"मिक्सरला हात लागला की मुंग्या येत्यात गं. पाटावर उभं राहिलं की येत न्हाईत." जणू हे सगळ्यांच्याच घरी असतं अशा आवाजात साळुबाई बोलली.

"किती दिवस?"

"झाली की वर्षं. हे म्हणत्यात मिक्सर जुना झालाय."

आरती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हौशीरामनं सांगितलेलं सगळं तिनं जावेला सांगितलं. न्यूट्रल, काळा पडलेला चुना, सैल जॉइंट. खोलीच्या कोपऱ्यात समृद्धी भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. ती पुस्तक मिटून ऐकायला लागली.

"म्हंजे आमची लाईट तुमच्याकडनं जाती?" साळुबाईनं विचारलं.

"आन् आमची तुमच्याकडनं."

साळुबाई काही बोलणार तेवढ्यात सावळाराम रानातून आला. धाकट्या भावजयीला घरात बघून दारातच उभा राहिला. आरतीनं डोक्यावर पदर घेतला. साळुबाईनं घाईघाईनं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण बघत होता बाहेर अंगणाकडं.

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "ज्याचं काम हाये त्यानं यावं बोलायला. बायकांना पाठवू नये."

"मला कुणी पाठवलं न्हाई, दादा," आरती हळूच म्हणाली. "मी माझी आले."

सावळारामनं पाय धुतले आणि आत निघून गेला.

गोरखला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मी जाणार न्हाई. त्यानंच सांगितलंय, भाऊ म्हणू नको म्हणून." आणि त्यानं ताट सारलं. दोन दिवस मशीन पडवीत कापड पांघरून उभं होतं. आळीतल्या बायका जाता-येता विचारायच्या, "कवा चालू करतीस गं?" आणि आरती सांगायची, "होईल, होईल."

शनिवारी दुपारी समृद्धी धावत आली. "काकू, आईनं सांगितलंय, वायरमनला आत्ता घेऊन या. आप्पा कांद्याला पाणी द्यायला गेलेत."

आरतीनं विचारलं, "त्यांना सांगितलंय का?"

"आई म्हणली, भिंत सैपाकघराची हाये, सैपाकघर माझं हाये."

योगायोगानं गोरख त्या दिवशी घरीच होता; पलीकडं पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून तोही मदतीला तयार झाला. हौशीरामला निरोप गेला, तो पिशवी घेऊन आला. त्यानं आधी आरतीकडचा मेन बंद केला, मग पलीकडं जाऊन साळुबाईकडचा. दोन्हीकडं टेस्टर लावून बघितला. मग छिन्नी घेऊन साळुबाईच्या बाजूनं भिंत फोडायला लागला. गोरखला त्यानं आरतीच्या बाजूला स्टुलावर उभं केलं होतं. "मी इकडून जॉइंट मोकळा करतो. तुमी तिकडून धरून ठेवायचा. सांगितल्याबिगर सोडायचा न्हाई."

विटा सैल होत्या. थोड्याच वेळात हाताचा पंजा जाईल एवढं आरपार भोक पडलं. वायरीवरचं वेष्टण जळून गळून पडलं होतं. गोरखनं हात आत घातला आणि उघडी तार पकडली.

ते वर्ल्डकपचे दिवस होते आणि त्या दुपारी भारताची मॅच होती. सावळारामचा मुलगा ऋषी कॉलेजातून तीन मित्रांना घेऊन आला. टीव्हीचं बटण दाबलं, काही झालं नाही. "आई, लाईट गेली का मेन बंद हाये?" असं ओरडत तो थेट मेनकडंच गेला.

"ए, हात लावू नको!" हौशीराम भिंतीजवळून गरजला. "मागं सर तिथनं!"

ऋषी दचकला. त्याच वेळी दारात सावळाराम उभा राहिला. पाय चिखलानं भरलेले, खांद्यावर फावडं. पंप बंद पडला म्हणून तो लवकर परत आला होता. स्वयंपाकघरात चुन्याचा ढीग, फुटलेली भिंत, बायको हातात झाडू घेऊन उभी.

भिंतीपलीकडं स्टुलावर उभ्या गोरखला भावाची चाहूल लागली. आरतीनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं हात काढला नाही. काढला असता तर जॉइंट निसटला असता.

सावळाराम भोकाजवळ गेला. टाचा उंचावून बघितलं. आत काळवंडलेली तार आणि तिला धरलेली चार बोटं. करंगळीचं टोक लहानपणी कडबा कापायच्या कुट्टीत गेलेलं. ती बोटं कुणाची हे त्याला सांगायला लागलं नाही.

"मेन चालू झाला तर काय व्हईल?" त्यानं हौशीरामला विचारलं.

"त्या हाताला लागंल."

सावळारामनं फावडं भिंतीला टेकवलं. मेनजवळ गेला, फ्यूज एकेक करून उपसले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. मग तिथलंच एक डालडाचं डबडं पालथं घालून मेनखाली बसला. ऋषीला म्हणाला, "मॅच दुसरीकडं जाऊन बघा. हिकडं मेनकडं कुणी यायचं न्हाई."

मग त्यानं घसा साफ केला आणि भिंतीकडं तोंड करून जरा मोठ्यानं बोलला, "गोरख, फ्यूज माझ्या खिशात हायेत. कर तू निवांत."

पलीकडं आरती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. गोरखनं तारेवरची बोटं घट्ट केली.

"बरं, दादा," तो म्हणाला.

काम दिवस कलेपर्यंत चाललं. जुना जॉइंट निघाला, दोन्ही घरांच्या न्यूट्रल वेगळ्या झाल्या, दोन्हीकडं नव्या वायरी गेल्या. सावळाराम डबड्यावरून उठला नाही. समृद्धीनं चहा आणला तोही त्यानं तिथंच बसून घेतला. मधून भिंतीपलीकडून गोरख विचारायचा, "झालं का?" आणि हौशीरामच्या आधी सावळारामच सांगायचा, "न्हाई अजून. धर तसंच."

सगळं झाल्यावर हौशीरामनं साळुबाईचा प्लग उघडला. तिथंही तिसरं भोक रिकामंच.

"वहिनीला मिक्सरच्या मुंग्या येत्यात त्या ह्याच्यामुळं," तो म्हणाला.

सावळाराम बायकोकडं वळला. "मुंग्या येत्यात हे मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं. तुमी म्हणालात, मिक्सर जुनाय."

सावळारामनं तो उघडा प्लग वाकून बघितला. मग हौशीरामला म्हणाला, "त्यांच्याकडं जो मोठा खटका बसवलाय, तसला आमच्याकडंबी बसव. अर्थिंगबी कर. परीक्षा संपायची वाट बघू नको, सोमवारीच ये."

त्यानं खिशातले फ्यूज काढून जागेवर बसवले. मेन टाकला. मागच्या खोलीत दिवा लागला, पलीकडच्या खोलीतही लागला. साळुबाईनं जरा भीत भीत मिक्सरचं बटण दाबलं. घर्र आवाज झाला. सगळे भिंतीकडं कान देऊन उभे राहिले. पलीकडून आरती ओरडली, "न्हाई पडला! न्हाई पडला खटका!"

भिंतीतलं भोक गोरखनं रविवारी स्वतः सिमेंट कालवून बुजवलं. ते उघडं ठेवायचं नाही असं हौशीरामनं दोन्ही घरांना बजावलं होतं. सोमवारी सावळारामच्या अंगणातल्या खड्ड्यात कोळसा-मीठ पडलं. हौशीरामनं आरतीच्या टेस्ट रिपोर्टवर सही केली. ऑफिसात चकरा मारायला लागल्या, पण मार्च संपायच्या आत लोड वाढून मिळाला.

मशीन चालू झालं त्या सकाळी सगळी आळी शिंकत होती. समोरच्या झुंबरबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आगं, जीव घेतीस का काय!" आणि दुपारी त्याच पहिल्या नंबरला येऊन बसल्या. आरतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, हात कोपरापर्यंत तिखटानं माखले होते. पडवीत बायकांची रांग लागली होती. चारच्या सुमाराला साळुबाई रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं आली. डोक्यावर मिरच्यांचं पोतं. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि सरकून तिला जागा दिली.

"मी नंबरानंच घेणार," साळुबाई म्हणाली आणि खाली बसली.

दोघा भावांचं बोलणं मात्र लगेच सुरळीत झालं नाही. कधी अंगणात समोरासमोर आले तर विषय वायरीचाच. "अर्थिंगला पाणी वतलं का?" "वतलं." "खटका पडतो का?" "न्हाई पडत." एवढ्यावर दोघं आपापल्या दारात शिरायचे. आरतीला वाटायचं, अजून थोडं बोलावं ह्यांनी. साळुबाई म्हणायची, "बोलत्यात हे काय कमी हाये का? ऱ्हाऊ दे."

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी गोरख उशिरा घरात आला. टेम्पो उभा करून बराच वेळ बाहेरच थांबला होता. आरतीनं ताट वाढलं. तो जेवायला बसला, भाकरी मोडली, आणि आमटीत बुडवता बुडवता सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "उद्या जरा लवकर उठव मला. दादाचे कांदे भरायचेत. मंचरला न्यायचेत."

"किती वाजता?" आरतीनं विचारलं.

"पहाटं. तोबी येणार हाये संगं."

आरतीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली आणि सकाळच्या डब्यासाठी पीठ काढायला उठली. दोघांच्या पुरतं काढलं.